समुद्राचा तळ पाहायचा, पण कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. सभेत भगिनींनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरेही यात घातली आहेत.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपण दरवर्षी बाहेरचे मोठे पाहुणे बोलावतो. यंदा घरच्याच माणसाला उभे केले आहे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये ही पहिली विनंती. मला उभे करण्याचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या हिवाळ्यातली सहल देवस्थानाला किंवा थंड हवेच्या ठिकाणी न नेता 'समुद्राचा तळ पाहायला' न्यावी, अशी सूचना सहल समितीपुढे आली. सूचनेबरोबर ठिकाणांची यादीही आली: मालवण, अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, थायलंड, आणि एका उत्साही भगिनीने तर ऑस्ट्रेलियाही लिहिला आहे. शिवाय रोज सकाळी मोबाइलवर निळ्याशार पाण्याची चित्रे येतात. नोकरीतून मोकळी झाल्यावर लेकीच्या आग्रहाने मी यांतल्या बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरले आहे. म्हणून समितीने मला हुकूम केला की, यांतले कोणते ठिकाण चांगले ते एकदा सांगून टाका.

पण हा प्रश्नच मला पसंत नाही. दुकानाच्या काचेतल्या बाहुलीच्या अंगावरचे पातळ पाहून आपण घेत नाही. आपली उंची, आपला रंग, धुण्याचे कष्ट आणि पिशवीतले पैसे पाहून घेतो. समुद्राचेही तसेच आहे. कोण जाणार, तिला पोहता येते का, कोणत्या महिन्यात जाणार आणि त्या दिवशी तिथी कोणती, एवढे आधी ठरवावे. मग ठिकाण आपोआप पुढे येते. चित्र पाहून ठिकाण ठरवणाऱ्याची हमखास निराशा होते, आणि कधी कधी निराशेवर भागत नाही, जिवावर बेततें.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. स्नॉर्केल म्हणजे तोंडात धरायची वाकडी नळी. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा चढवायचा, पालथे होऊन पाण्यावर तरंगायचे, नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर ठेवून तोंडाने श्वास घ्यायचा आणि खाली पाहत राहायचे. बस्स. स्कूबा म्हणजे पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे घेऊन खरोखर तळाशी जाणे. ही युक्ती फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये सिद्ध केली. पहिल्यात आपण समुद्राच्या छपरावरून डोकावतो, दुसऱ्यात घरात शिरतो.

आता बहुतेकींना वाटते की, घरात शिरणे हेच खरे पाहणे. मी उलट सांगते. पाणी रंग खाते, आणि सर्वांत आधी तांबडा खाते. दहा मीटर खाली गेलेल्या बाईच्या कपाळावरचे कुंकू काळपट दिसते. चित्रांतले तळाचे लाल-केशरी रंग बहुधा छायाचित्रकाराने सोबत नेलेल्या दिव्याचे असतात. उलट कमरेएवढ्या किंवा पुरुषभर पाण्यात, वर ऊन असताना, सगळे रंग नैसर्गिक दिसतात. पाण्यात वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि थोडी जवळ दिसते, ही आणखी एक मेहेरबानी. आपल्यासारख्या पन्नाशी-साठीच्या, बऱ्याचशा न पोहणाऱ्या मंडळींना उथळ पाण्यातली नळी अधिक देते, असे माझे मत आहे. स्कूबाला माझा विरोध नाही. मी स्वतः उतरले आहे. पण ज्या ठिकाणाची कीर्ती तीस मीटरांवरच्या कड्यांमुळे आहे, ते ठिकाण आपल्यासाठी नव्हे, मग त्याची चित्रे कितीही सुंदर असोत.

पाहायचे काय, तर मुख्यत्वे प्रवाळ. आपण ज्याला पोवळे म्हणून अंगठीत बसवतो ते भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या पाण्यात वाढणारे निराळे. उष्ण समुद्रातली प्रवाळाची बाग म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्यापासून निरनिराळ्या आकारांच्या कोट्यवधी इवल्या प्राण्यांनी बांधलेली चुनखडीची वसाहत. दगड दिसतो, पण त्याच्या अंगावर जिवंत कातडी आहे. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहते, सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि मालकालाही वाढते. प्रवाळाला रंगही बराचसा त्याचाच. म्हणून प्रवाळाला पाणी उबदार लागते, पण स्वच्छ आणि उजेडाचेही लागते. आणि ऊबही बेताची. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंशच जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्या भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ या साली असे मोठे तडाखे आपल्या बाजूच्या समुद्राला बसले. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांजवळ शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजणी ठेवली आहे. १९९८ मध्ये तेथे तळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. २०२२ मध्ये तो १९ टक्क्यांच्या आसपास उरला. त्यानंतर २०२४ चा उन्हाळा आला, त्यातही तेथले प्रवाळ पांढरे पडले.

हे मुद्दाम सांगते, कारण मोबाइलवरचे चित्र कोणत्या सालचे आहे हे कोणी सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीची बाग आज त्याच जागी असेलच असे नाही. जाण्यापूर्वी त्याच हंगामात तेथे जाऊन आलेल्या माणसाला गाठून 'जिवंत किती आणि पांढरे किती' असे स्पष्ट विचारावे. जो बोटवाला 'फर्स्ट क्लास आहे हो' एवढेच म्हणतो, त्याला सोडावे. जो 'या बाजूचे गेले, पण त्या खडकापलीकडे चांगले आहे' असे सांगतो, त्याच्या बोटीत बसावे.

आता आपल्या घराजवळचे ठिकाण, मालवण. याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण निम्म्या यादीत तेच नाव आहे, आणि कोल्हापूरकरांना ते माहेरासारखे. महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. १९८७ पासून तेथला सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. न पोहणाऱ्या माणसालाही तेथे स्कूबाची चव घेता येते. शिकवलेला पाणबुड्या आपल्याला मागून धरून पाच-सात मीटर खाली नेतो आणि दहा-पंधरा मिनिटांत वर आणतो. भीती मोडायला, घरच्या भाषेत सूचना ऐकायला आणि खर्चाच्या दृष्टीने याहून सोयीचे ठिकाण नाही.

पण मालवणात अंदमान शोधू नये. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आणि खाड्या आपला तांबडा गाळ याच किनाऱ्याला आणून टाकतात. पाऊस संपून समुद्र निवळायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातला चांगला काळ. पावसाळ्यात तर सारेच बंद. चांगल्या दिवशीसुद्धा आपल्या दिवाणखान्याच्या लांबीएवढे दिसले तर नशीब समजावे. यावरून एक सोपे अनुमान निघते, ते कोणत्याही देशात लागू पडेल: जेथे मोठी नदी समुद्राला मिळते तेथे पाणी गढूळ आणि प्रवाळ थोडे, जेथे नदीच नाही तेथे पाणी काचेसारखे. लक्षद्वीपची बेटे प्रवाळानेच बनली आहेत, त्यांवर एकही नदी नाही. दोन्ही अरबी समुद्रच, पण पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला विचारली तर कळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती. पाणी खूप चढते, खूप उतरते, ओढ जबर आणि तळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. पाणी थोडे हलते, ओढ कमी आणि गाळ बसलेला. म्हणून सहलीची तारीख रविवार पाहून ठरवू नका, तिथी पाहून ठरवा. आपल्या किनाऱ्याला तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते: अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. कालनिर्णय प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लटकत असते. एकादशी-चतुर्थीखेरीज त्याचा हाही एक उपयोग.

मालवणला उतरणाऱ्या भगिनींना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे. 'मला वर न्या' असा त्याचा अर्थ. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करायचे. आमच्यातल्या एका वहिनींनी मासे पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि त्या माणसाने त्यांना मुकाट्याने वर आणले. पैसे दिलेले, डोळे भरून पाहणे राहिले! दुसरी गोष्ट घाटाची. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात घेतल्यावर शरीरात थोडा नायट्रोजन विरघळून राहतो; तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. म्हणून एकदा बुडी घेतल्यावर निदान बारा तास, आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर अठरा तास विमानात बसू नये असा दंडक आहे. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, आणि गगनबावडा त्याहूनही उंच. उथळ बुडीनंतर धोका थोडा, हे खरे. तरी सकाळी बुडी आणि दुपारी घाट, असा बेत मी आखणार नाही. रात्री मालवणात मुक्काम करावा, सोलकढी प्यावी, सकाळी निघावे.

स्कूबाचा एक नियम मात्र कोणत्याही समुद्रात, कितीही उथळ पाण्यात मोडायचा नाही: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर दहा मीटरांना पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. खालची दाबलेली हवा छातीत कोंडून वर आलात, तर ती वर येता येता फुगते, आणि फुप्फुस म्हणजे काही रबराचा फुगा नव्हे. कानाचेही तसेच, पहिल्या काही मीटरांतच दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलके फुंकायचे आणि दुखले तर खाली जायचेच नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी बुडी रद्द. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. बोटीवर एक छापील कागद सहीला देतात. बायका तो वाचत नाहीत आणि सगळीकडे 'नाही, नाही' लिहून मोकळ्या होतात. तो कागद दुकानदाराच्या सोयीसाठी नसून आपल्या जिवासाठी आहे.

सभेत एका भगिनीने विचारले, "स्नॉर्केलला तर काही धोका नाही ना? जाकीट असतेच." आहे. नळीने श्वास घेणारे माणूस पालथेच असते. ते पाहते आहे की बेशुद्ध आहे, हे लांबून कळत नाही. ओरडाही होत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये असे मृत्यू घडले, त्यांत वयस्क आणि हृदयविकार असलेली माणसे बरीच होती. तेव्हापासून तेथल्या बोटींवर अशा लोकांकडे वेगळे लक्ष ठेवण्याचे नियम झाले. आपणही दोघी-दोघींची जोडी करावी. एकीने पाहायचे तेव्हा दुसरीने मान वर करून तिच्यावर लक्ष ठेवायचे. मग पाळी बदलायची. मैत्री अशी की हात सोडायचा नाही.

आणि पोहता येत नाही, त्याचे काय? आमच्या लहानपणी आजोबांनी भावांच्या पाठीला भोपळे बांधून त्यांना विहिरीत ढकलले. आठ दिवसांत दोघे मासोळीसारखे झाले. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत होते. तुमच्यापैकी कितीजणी असेच कपडे सांभाळत बसल्या असतील, ते हात वर केल्याखेरीज मला दिसते आहे. पन्नाशीनंतर तलावावर महिलांच्या राखीव वेळेत मी शिकले, आणि सांगते, त्या वयात शरीर जड झाल्यामुळे तरंगणे उलट सोपे जाते! कोरियाच्या जेजू बेटावर 'हेन्यो' नावाच्या बायका आहेत. नळकांडे न घेता, नुसता श्वास रोखून त्या शंख-शिंपले काढायला समुद्राच्या तळाशी जातात. त्यांच्यापैकी बहुतेक साठी ओलांडलेल्या आहेत. (श्वास रोखण्याविषयी मी वर सांगितले ते दाबाची हवा घेणाऱ्यांना, या बायका वरचीच हवा घेऊन जातात, म्हणून त्यांना तो नियम लागत नाही.) तेव्हा वयाची सबब चालणार नाही. सहलीला अजून पुष्कळ महिने आहेत. पालथे तरंगता येणे आणि नळीत पाणी गेले तर न घाबरता फुंकून काढणे, एवढे दोनच धडे तलावात गिरवले, तर समुद्रातला निम्मा धोका येथेच संपतो.

आता लक्षद्वीप. न पोहणाऱ्या माणसासाठी निसर्गाने मुद्दाम केलेली सोय म्हणजे तेथली सरोवरे. बेटाच्या एका बाजूला समुद्रात प्रवाळाचा बांध असतो; बाहेरच्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतले पाणी परडीतल्या दुधासारखे शांत राहते. कदमत हे लांबट, अरुंद बेट. त्याच्या पश्चिमेला असेच मोठे सरोवर आहे. कंबरभर पाण्यात पांढऱ्या वाळूवर उभे राहून मुखवटा पाण्यात बुडवला की बाग समोर. थकवा आला की उभे राहायचे, पण वाळूवर! हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. जायला परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीपर्यंत विमान. जागा थोड्या, म्हणून आधी ठरवावे लागते. बेटांवर मुस्लिम समाज आहे, आपले राहणे-वागणे त्यांच्या रीतीला धरून असावे. पूर्ण अंगभर कपड्यांत पाण्यात उतरणाऱ्या बायकांकडे तेथे कोणी वळूनही पाहत नाही, हा आपला फायदाच.

अंदमानातल्या हॅवलॉक आणि नील या बेटांची नावे २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली आहेत. स्कूबा शिकायची असेल तर देशात स्वराज द्वीपाइतकी सोय क्वचित. नळीसाठी एलिफंट बीच प्रसिद्ध आहे, म्हणूनच तेथे गर्दी फार. सकाळच्या पहिल्या बोटीने जावे. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातले जॉली बॉय बेट मला अधिक आवडले. तेथे प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत, आणि हंगामात ते बंद करून दुसरे बेट उघडतात, म्हणजे बागेलाही विसावा. शहीद द्वीपाच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी इतके उथळ की ओहोटीला प्रवाळ उघडा पडतो. तेथे भरतीची वेळ विचारूनच जावे. अंदमानच्या खाड्यांत सुसरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला नळी लावून पोहणाऱ्या एका परदेशी बाईचा सुसरीने बळी घेतला. सूचनाफलक असेल तेथे पाण्यात पाय घालू नये. 'कालच आम्ही उतरलो होतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

परदेशांविषयी थोडक्यात सांगते, कारण मंडळाच्या शिलकीचा विचार केला पाहिजे. मालदीवमध्ये जानेवारी ते एप्रिल पाणी निवळ. परंतु बा प्रवाळमंडळातल्या हनिफारू खाडीत प्रचंड मांटा मासे जमतात ते नेमके आपल्या पावसाळ्यात, आणि तेथे स्कूबाला बंदी, फक्त नळी चालते. थायलंडला तर एकाच देशात दोन ऋतू: पश्चिमेची सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तेव्हा पूर्वेच्या आखातातले कोह ताओ बेट चालू असते. 'थायलंडचा हंगाम कोणता' हा प्रश्न म्हणूनच अपुरा. तेथली माया खाडी पर्यटकांच्या पायांखाली इतकी भरडली की २०१८ पासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत सरकारने ती बंद ठेवली. प्रवाळ पुन्हा लावले, शार्कची पिल्ले परत आली. ऑस्ट्रेलियाची दोन हजार तीनशे किलोमीटरांची प्रवाळभिंत पाहण्याजोगी खरीच, मीही केर्न्सहून बोटीने जाऊन पाहिली. पण नोव्हेंबर ते मे तेथे विषारी जेलीफिश असतात. ज्यांना जायचे त्यांनी जून ते ऑक्टोबर जावे, आणि आपल्या लेकाच्या खर्चाने जावे.

ज्या भगिनी पाण्यात पाऊलही घालणार नाहीत, त्यांच्यासाठी एक ठिकाण यादीत कोणी लिहिलेच नाही. गुजरातेत जामनगरजवळ कच्छच्या आखातात आपल्या देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नरारा या जागी ओहोटी लागली की समुद्र लांबवर मागे सरतो आणि वाटाड्याबरोबर घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळ, खेकडे, समुद्रफुले पाहता येतात. जुने बूट आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक, एवढेच सामान. गुडघे मात्र धड हवेत, जमीन खडबडीत आहे.

कपड्यांविषयी चिटणीसबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा सदरा आणि पायघोळ घट्ट विजार, पोहण्याच्या कापडाची. साडी नको, ओढणी नको. पाण्यात ती पायांत येते. असे कपडे घातले की उन्हाचे मलम फक्त चेहऱ्याला पुरते. काही मलमांतील द्रव्ये प्रवाळाला अपायकारक ठरतात म्हणून पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांवर बंदी घातली आहे. बांगड्या खोलीत ठेवाव्यात. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते सदऱ्याच्या आत राहील असे पाहावे. चष्मेवाल्यांना नंबरचे मुखवटे मिळतात, आधी मागून ठेवावे लागतात. मुखवट्याची काच धुरकटू नये म्हणून आत थुंकी लावून विसळायची असते. शी म्हणू नका, याहून चांगले औषध निघालेले नाही.

आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी, देवघरात ठेवायला आणायचा नाही. बांध घालणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. विमानतळावर पिशव्या उघडतात. गोलाकार प्रवाळ वर्षाला बोटाच्या पेराएवढासुद्धा वाढत नाही. आपण त्यावर एकदा पाय टेकून उभ्या राहिलो, तर तेवढी कातडी गेली. म्हणून बोटवाल्याला पैसे ठरवण्यापूर्वीच विचारावे: नांगर प्रवाळावर टाकता की कायमच्या तरत्या बोयाला बोट बांधता? माशांना पाव टाकता का? एका वेळी किती माणसे उतरवता, त्यांच्याबरोबर पाण्यात तुमचे किती? प्राणवायूची टाकी बोटीवर आहे का? जवळचा दवाखाना किती अंतरावर? मला एका ठिकाणी, नाव घेत नाही, अठरा जणींमागे एकच मुलगा दिला होता आणि तोही मोबाइलवर चित्रे काढण्यात गुंतलेला. मी बोटीतच बसून राहिले.

तेव्हा समितीपुढे माझी सूचना अशी. चाळीसजणींचा ताफा एका बागेवर नेऊ नये. बारा-बारांचे दोन गट करावेत. ज्यांना स्कूबाची चव घ्यायची त्यांनी डिसेंबरात, भांगाच्या दिवसांत, दोन रात्रींच्या मुक्कामाने मालवण करावे. नळीवाल्यांनी फेब्रुवारीत लक्षद्वीपच्या कदमतला जावे. परवान्याची आणि जहाजाची खटपट आतापासून सुरू करावी लागेल. नराऱ्याची सहल तिसरी, ती कोणी पुढाकार घेईल तर. तलावावर महिलांच्या वेळेत सराव पुढच्या महिन्यापासून. चिटणीसबाईंजवळ एक वही ठेवली आहे. नाव लिहिताना पोहता येते की नाही, चष्म्याचा नंबर, आणि रक्तदाबाची वा दुसरी गोळी चालू असेल तर तिचे नावही लिहावे. ती वही चिटणीसबाई आणि मी, दोघींखेरीज कोणी पाहणार नाही.